एक हात जागा

मेथीचे शेंडे कुणीतरी कातरलेत,
तिरके, शिंप्याच्या कात्रीने कातरावेत तसे.
शेळी असती तर ओरबाडून नेली असती, मुळासकट.
हे काम नीटनेटकं आहे.
वाफ्याच्या कडेला लेंड्या, सुक्या, गोल.

"ससा," किर्दत कुंपणावरून म्हणाले,
"यवतेश्वरचा उतरतो. माझा हरभरा संपवला त्यानं.
गावाकडून वाघूर मागवतो,
नाहीतर पावडर मिळते, गाजराला चोळायची."
हे त्यांनी बोरं निवडता निवडता सांगितलं,
किडकी बाजूला, चांगली डब्यात.

वाघूर मला माहीत आहे.
अण्णा मेढ्याच्या माळावर लावायचे.
मी खाल्लाय ससा.
रस्सा पातळ, हाडं बारीक,
आणि दाराच्या खिट्टीला अडकवलेले ते कान.
खोटं कशाला बोलू.

हेही लपवत नाही, की
शाहूपुरीच्या वरचा हा उतार मीच मोजला.
त्र्याण्णव साली. साखळीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं बाबर शिपायाच्या.
गवत गुडघाभर. दर दहा पावलांना
पायांतून काहीतरी तपकिरी सुटायचं
आणि आम्ही हसायचो.
नकाशात विहिरीला खूण असते,
झाडाला असते, थडग्यालासुद्धा.
त्याला नव्हती.
प्लॉट नंबर सतरा. पुढे मीच घेतला, हप्त्यांनी.

तर कोंबड्यांची जाळी आणली, साठ फूट.
खालची कड मातीत वीतभर गाडत चालले होते
तेवढ्यात टाकीमागच्या गवतात
मुठीएवढं पिल्लू.
डोळे उघडे. पळालं नाही. हललंसुद्धा नाही.
फक्त कुशी उडत होत्या.

किर्दतांचा नातू बुटांचा खोका घेऊन आला, कापूस घालून.
"आजी, याची आई मेली का?"

वनरक्षक मुलाणी मॅडम फोनवर म्हणाल्या,
"हात लावू नका. दूध तर अजिबात नको.
आई आहे त्याची. दिवसभर मुद्दाम लांब राहते.
जवळ बसली तर तिच्या वासावर कुत्री येतील.
अंधार पडला की येईल, एकदाच,
पाच मिनिटं पाजेल, जाईल."

फोन ठेवला
आणि तशीच उभी राहिले, हातात पक्कड.

जावळीतल्या मोजण्या. पहाटेची एसटी.
केतकी दहा महिन्यांची, मुळीकबाईंच्या ओट्यावर.
परतताना कुसुंबीपासूनच ब्लाउज ओला.
जिन्यात कुणीतरी म्हणायचं,
हिला आई म्हणायचं का?
मी कधी उत्तर दिलं नाही.
उशीर झालेला असायचा.

खोका नातवाला परत दिला. तो रुसला.
जाळी लावली, पण टाकीच्या बाजूला
एक हात जागा मोकळी सोडली.
टेप खिशात होता. काढला नाही.
"मग जाळी लावायचीच कशाला?" किर्दत म्हणाले.
मला सांगता आलं नाही.
एवढंच विचारलं, "टायगरला आठवडाभर बांधाल का रात्रीचा?"
ते काही न बोलता आत गेले.
साडेसहाला पलीकडून साखळीचा आवाज आला.

परसातला दिवा बंद केला.
स्वयंपाकघराच्या खिडकीत, अंधारात, चहा न करता.
ती आली तेव्हा दिसली नाही.
टाकीजवळचा काळोख थोडा दाट झाला, इतकंच.
गवत एका जागी हलत राहिलं
आणि मग थांबलं.
घड्याळ मी बघितलं नाही.
मेथी कुरतडल्याचा आवाज मात्र आला,
अगदी बारीक, सुईतून दोरा ओढावा तसा.
खा बाई. पाजून आली आहेस.

मग केतकीला फोन लावला, पुण्याला.
वाजत राहिला.
तिची रात्रपाळी असते,
आणि पोरगं शेजारच्या कुणाकडे तरी.