पडद्यावर टकटक

वेंगुर्ल्यात, बंदराच्या वाटेवर,
बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आमचा वर्ग भरतो.
मंगळवार, शुक्रवार. साडेसहा ते आठ.
दोन क्रेटवर आडवा टाकलेला कॅरमबोर्ड, ते साहेबाचं टेबल.
अलीकडे प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक पाय आखूड,
त्याखाली औषधाच्या खोक्याचं पुठ्ठं.
पलीकडे मी.

खाली लादी फोडायचं मशीन सुरू झालं
की प्रश्न आहे तिथे थांबवायचा.
लादी संपली की तिथूनच पुढे.

दार वाजवा, आत येऊ का विचारा,
बसा म्हटल्याशिवाय बसू नका,
असं मी शिकवते. आमच्या खोलीला दार नाही,
जुन्या चादरीचा पडदा आहे.
पडद्यावर टकटक कशी करायची
यावर पहिला तास हसण्यातच गेला.

'तुमच्यातली एक उणीव सांगा.'
बस्त्याव फर्नांडिस, तीस वर्षं तांडेल,
आता वॉचमनच्या जागेसाठी,
सरळ म्हणाला, 'डावो गुडघो.'
असं नाही सांगायचं, मी म्हटलं. म्हणा,
मी कामात फार गुंतून जातो.
त्याने माझ्याकडे बघितलं,
कल्ल्यांना रंग लावलेल्या बांगड्याकडे बघावं तसं.
'म्हणजे खोटा सांगूचा?'

सत्यवती गिरपला विचारलं, स्वतःबद्दल थोडं सांगा.
तिने घोवाबद्दल सांगितलं, झिलाबद्दल,
सासूच्या पायाच्या जखमेबद्दल.
पुन्हा विचारलं, तर
शेजारणीची कोंबडी आपल्याकडे अंडी घालते तेही.
तिसऱ्यांदा गप्प.
हात कॅरमबोर्डाखाली.
वर ठेवा, म्हटलं. ठेवले.
कोळंबी सोलून सोलून बोटांच्या कडा
पांढऱ्या, चिरलेल्या, सुकतच नसाव्यात अशा.
'दिवसाला किती सोलता?'
'वीस किलो. कधी बावीस.'
'किती वर्षं?'
तिने मुलाच्या वयावरून हिशेब केला.
मी कागदावर लिहिलं, अनुभव: एकोणीस वर्षं,
आणि कागद तिच्याकडे फिरवला.
तिने एकेक अक्षर लावत वाचलं,
मग मान वर करून,
'ह्यो कोणाचो?'

त्याच शुक्रवारी एस्पेरान्सा मागून म्हणाली,
'बाई, आता तुमी बसा ह्या खुर्चेर.'
बसले. पुठ्ठं सरकलं, खुर्ची डुगडुगली.
(इतके दिवस कुणी बोललं नव्हतं,
ती एवढी डुगडुगते.)
बस्त्याव साहेब झाला, चष्मा नाकाच्या टोकावर.
'नोकरी कायम आसा?'
'नाही. तासांवर.'
'किती वर्षां?'
'अकरा.'
'मगे थंयच कित्याक?'

मशीन सुरू झालं.
एवढी लांब लादी मी कधी ऐकली नव्हती.
कुणी हललं नाही. खालून अमोनियाचा वास.
मी हात कॅरमबोर्डाखाली घेतले, ते मला नंतर कळलं.
लादी संपली.
साहेबाने चष्मा सारखा केला, आणि तिथूनच पुढे:
'मगे थंयच कित्याक?'

सत्यवती कुडाळला गेली, सहा-चाळीसच्या गाडीने,
काजूच्या फॅक्टरीत, पॅकिंगवर देखरेखीची जागा.
शेवटी विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का,
तेव्हा काय बोलायचं ते मी घोटून घेतलं होतं:
पुढे शिकायची संधी आहे का, असं काहीतरी.

'विचारलंस?'
'इचारलंय.'
'काय?'
'म्हटलंय, बसूक गावता काय?'
'मग?'
'हसलो. मगे आपल्या खुर्चेकडे बघल्यान.'
कळवतो म्हणाले. तेरा दिवस झाले.

आज फळ्यावर प्रश्नांची यादी लिहिताना
तिचा प्रश्नही घातला, तिच्याच शब्दांत,
नेमका कुठे घालावा ते सुचेना, म्हणून सगळ्यात वर.
सगळे वहीत उतरवून घेत होते.
बस्त्याव भिंतीला टेकून, वही गुडघ्यावर घेता येईना म्हणून
एस्पेरान्साच्या पाठीवर.
खुर्च्या सहा आहेत. आम्ही नऊ.