तिसावा खळगा

बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय,
त्यावर आईने कुरुत वाळत घातलेत, दह्याचे पांढरे गोळे.
वर्कशॉप तिकडे नारिनला, मधे खिंड,
आणि ज्या जीपने खिंड ओलांडायची, ती हीच.
म्हणून अंगणात.

तीन खांब, वर एकत्र आवळलेले,
मधोमध साखळीचा कप्पा. तुर्गुनबायकाकांचा, उसना,
परत देताना साखळीला तेल लावायचं, या अटीवर.

माझ्याकडे नोंदी.
अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे, एकेका बोल्टला एकेक घर,
वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या:
पंखा, डावा, वरचा.
रेडिएटर, गंजलेला.
बाबांच्या अंगठ्याला लागलेला.
काकांनी ज्याला शिवी दिली तो.
बाबा चष्मा वर करून वाचतात. म्हणतात,
इंजिनाला शिव्यांचा हिशोब लागत नाही.
पण चिठ्ठी राहू देतात.

ते स्टुलावर बसून बोट दाखवतात,
मी बंपरवर पोट टेकून आत.
अकरा वर्षं बिश्केकच्या बँकेत नोटा मोजल्या,
आता ही बोटं
सतराचा पाना डोळे मिटून ओळखतात
असं लिहिलं तर खोटं होईल.
तीनदा चौदाचा दिला.

पाणी सोडलं, मग तेल.
काळ्या तेलात चमचमता चुरा.
बाबांनी दोन बोटांत चोळला, हुंगला,
"बेअरिंग," म्हणाले,
घरातल्या कुणाचं तरी दुखणं सांगावं तसं.

साखळी ताणली. खांबांचे पाय मातीत बोटभर रुतले.
इंजिन हललं,
आणि अडलं.
जीपच पुढून उचलली जायला लागली.
काका म्हणाले ओढा, बाबा म्हणाले थांबा,
आई दारातून म्हणाली चहा निवतोय.
पहार घातली. पुन्हा पहार.
कुत्रा उठून शेजारी निघून गेला.

मी ट्रेकडे पाहिलं. एकोणतीस.
पण घरं तीस म्हणून बोल्टही तीस,
हा कुठला हिशोब?
तरी हात घातला, मागे, गिअरबॉक्सच्या खांद्यावरून,
जिथे नजर पोचत नाही आणि कोपर उलटं वळतं.
चिखल. तेलाची साय.
सायीखाली सहा कडा.

"आहे."
बाबांनी डोळे मिटले.
"मीच आवळला होता. एल्दियार झाला त्या हिवाळ्यात."

सुटलं तेव्हा आवाज झाला नाही.
इंजिन साखळीला लोंबकळत सावकाश अर्धं फिरलं,
जणू अंगण पहिल्यांदाच बघतंय.
आणि जीप,
ओझं उतरल्यावर याक पाठ ताणतो तशी,
स्प्रिंगांवर चार बोटं वर आली.
इतकी वर्षं ती वाकून उभी होती,
आम्हाला वाटायचं तिची उंचीच तेवढी.

खाली गाळात एक हाड सापडलं.
मेंढीच्या घोट्याचं, चुको,
लहानपणी रिंगणात मांडून उडवायचो, त्यातलं.
एक बाजू लाल.
एल्दियारला फोन लावला, येकातेरिनबुर्गला,
गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत.
हाड कॅमेऱ्यासमोर धरलं: बघ, तुझं.
त्याने खूप वेळ पाहिलं.
"माझे निळे होते. लाल तुझे.
एक हरवलं म्हणून तू माझ्यावर आळ घेतलास,
मी मार खाल्ला."
हसला की नाही, कळलं नाही; चित्र अडकत होतं.
मागून कुणी रशियन आवाजात त्याला हाक मारली,
तो गेला.

रात्री दंव पडणार.
बाबांनी इंजिन जुन्या टायरवर बसवलं,
वर फाटका नमदा पांघरला, कडा खोचल्या.
मी ट्रे आत आणला.
तिसाव्या खळग्यात बोल्ट आणि हाड, दोन्ही मावले.
चिठ्ठी एकच उरली होती. लिहिलं:
मागचा. हाताने शोधावा.

बाहेर काका विचारत होते,
साखळीच्या तेलाचं काय झालं.