आला

पोरानं तुझ्या दगडावर कोरून घेतलंय:
एबेल थर्टल. जन्म नॉरफक.
या वसाहतीत आला, सन १८२१.
आला.
जसा कुणी पाहुणा येतो, दाराशी पाय पुसून.

मी जोसायाला म्हटलं, 'आणला' असं लिही रे.
तो म्हणाला, हळू बोल आई,
पाद्र्याची बायको उभी आहे,
आणि पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो.
एका 'ण'चे असे कितीसे पडले असते?

तुझ्या डाव्या घोट्यावर
केस न उगवणारं एक कडं होतं.
चाळीस वर्षं तू मोजे काढले नाहीस,
नदीत मेंढ्या धुतानासुद्धा.
मुलांना वाटायचं, बापाचे पाय गार पडतात.
मला ते कडं ठाऊक होतं, अंधारात, माझ्या तळपायाला.

एक मेंढी चोरलीस, तीही म्हातारी.
मटण शिजेना, रात्रभर धुराडं धुमसत राहिलं,
म्हणून सापडलास.
मी दोन वार लिनन, क्लॉनमेलच्या बाजारात.
त्यात धड एक परकर झाला नसता.
दोघांनाही सात सात वर्षं.
न्यायाधीशांना साताचाच पाढा येत असावा.

मग तीस एकर मिळाले, डरवेंटच्या वळणावर.
कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं आणि ते तुझे झाले.
नांगराला शिंपले लागायचे, थरावर थर,
काळे पडलेले, चुलीतून काढल्यासारखे.
इतके कुणी खाल्ले, मी विचारलं.
तू म्हणालास, समुद्र पूर्वी इथवर असेल.
पलीकडच्या टेकडीवर तेव्हा अजून धूर दिसायचा.
पुढच्या हिवाळ्यात दिसला नाही.
त्या अंगाची खिडकी तू आधीच बुजवली होतीस.

नंतर आपल्यालाही कैदी मिळाला, सरकारकडून, बैल मिळावा तसा.
टोबायस क्लेग. एकोणीस वर्षांचा, तोतरा.
आठवड्याचं पीठ तू तोलायचास
आणि मी बघायचे, तुझा अंगठा कुठे आहे.
मार्चमध्ये त्यानं कोकरू मारलं.
तू तीन दिवस गप्प. मग म्हणालास, लिही,
मॅजिस्ट्रेटला. पन्नास फटके.
तुला ओ की ठो येत नव्हतं. मी लिहिलं.
खाली तू फुली मारलीस,
जहाजाच्या वहीत मारली होतीस तशी,
लग्नाच्या वहीत, जमिनीच्या कागदावर, तशीच.
चिठ्ठी त्याच्याच हाती दिली. रिवाजच होता तसा.
बारा मैल तो आपली पाठ मुठीत धरून चालत गेला.

तिसऱ्या दिवशी परतला, खिळ्यांची पुडी घेऊन.
मॅजिस्ट्रेटचंच दुकान होतं ना.
मी लिहिलं होतं: या मुलाजवळ दोन पौंड खिळे द्यावेत,
पैसे लोकर विकल्यावर.
तू खिळे मोजलेस. त्याच्या सदऱ्याकडे पाहिलंस, मागून.
संध्याकाळी गोठ्याचं दार ठोकत बसलास,
एकेक खिळा, दिसेनासं होईपर्यंत.
मला विचारलं नाहीस.
मी तरी कुठे सांगितलं, आजपर्यंत.

तुझी कबर खणली त्या दिवशी
तीन हातांवर फावडं खरखरलं.
खणणाऱ्यानं शिंपल्यांचा ढीग बाजूला ओढला,
म्हणाला, चांगली जागा आहे बाई, पाणी धरत नाही.
सगळे टोप्या काढून उभे होते.
मी वाकून एक उचलला, खिशात टाकला.
अजून तिथेच आहे.
कडेला धार आहे त्याला, बोट कापेल अशी.