वीतभर जास्त

मार्चमधल्या गोठवणाऱ्या रात्री
टोमॅटोच्या रोपांवर मी ज्युदोचा अंगरखा पांघरतो.
जाड कापड आहे, लियाँहून आणलेलं,
खांद्यापाशी अजून कुणाच्या तरी मुठीचा चुरगळा.
दोन वर्षं ज्युदो. त्याआधी मुष्टियुद्ध.
एका हिवाळ्यात तलवारबाजीसुद्धा.
दिवसभर परक्यांच्या घरांना गिलावा करायचा
आणि संध्याकाळी जो वर्ग स्वस्त, तिथं शिरायचं.
वाईट नव्हतो मी कशातच.
तेच खरं दुखणं होतं.

बापाच्या मातीला गावी आलो, मिन्योच्या डोंगरात,
तर दारामागं त्याची काठी उभी,
लोदूच्या चिवट लाकडाची, हनुवटीइतकी,
म्हणजे त्याच्या हनुवटीइतकी.
माझ्या गळ्याखालीच संपली.
उचलली, फिरवली, दिव्याची काच फोडली.
आई काचा वेचत म्हणाली, झुल्मिराकडे जा.

झुल्मिरा विधवा, सत्तरीची, सहा शेळ्या.
तिच्या काळी बायकांना कुणी शिकवत नसे.
मक्याच्या दगडी कणगीत लपून
फळ्यांच्या फटीतून तिनं भावांचा सराव पाहिला,
अकरा वर्षं.
म्हणून तिचे सगळे वार जरा अरुंद,
फटीएवढे.
तिनं मला दोन भिंतींमधल्या बोळात उभं केलं
जिथं पूर्वी पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटत.
पुढून एक शेळी घातली, मागून एक,
आणि म्हणाली, आता फिरव.
दगडानं बोटं सोलली.
माझ्यातला मुष्टियोद्धा मध्येच पाय नाचवायचा,
ज्युदोवाला काठी टाकून मिठी मारू बघायचा.
ती थांबायची. विचारायची,
"गेले का पाहुणे?"

कधी ठरवलं, आठवत नाही.
शपथ नाही, साक्षीदार नाही.
परतीचं तिकीट पँटच्या खिशात राहिलं,
धुण्यात गेलं, लगदा झाला,
आणि नवं काढायचं सुचलं नाही.
तेव्हापासून गुरुवार. एकोणतीस वर्षं.

गावातली मुलं संपली तेव्हा शाळा मला मिळाली.
फळ्यावर कुणाचा तरी अर्धवट भागाकार आहे, पुसत नाही.
नऊ जण येतात. पाऊस असला की चार.
खोटं कशाला बोलू, हेवा वाटतो.
ब्रागाला आदेरितुचा पोरगा पाच कला शिकवतो,
काचेच्या भिंतींच्या हॉलमध्ये.
त्याचे विद्यार्थी हसत बाहेर पडतात,
माझे कोपर चोळत.
आणि कधी रात्री झोप लागत नाही तेव्हा
ज्युदोतली एक फेक कमरेत जागी होते,
जुन्या मित्रासारखी अंगणापर्यंत येते
आणि दार न वाजवता परत जाते.

योलांदा बारा वर्षांची. विचारते,
कंटाळा नाही येत? तोच तोच वार?
येतो, म्हणालो.
खूश झाली. मोठ्या माणसानं कबूल केलं म्हणून.
मग तिनं डावीकडून घातला, मी अडवला,
आणि लाकडातून असा आवाज निघाला
की मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता,
पोकळ नाही, भरीवही नाही,
आत कुणीतरी मान वर केल्यासारखा.
तिला काही कळलं नाही.
पुन्हा मार, म्हणालो. नाही आला.
वीस वेळा मारायला लावलं बिचारीला.

जानेवारीत, चंद्र उतरणीला लागल्यावर,
तिच्यासाठी लोदूची फांदी तोडायला गेलो.
दोन वर्षं चुलीच्या धुरात टांगायची,
मग साल काढायची, मग तेल.
दोन वर्षांनी तिची हनुवटी कुठं असेल?
आधीच्या रविवारी बाजारात
तिच्या आईला पाहिलं, मग बापाला,
कोबीच्या ढिगाआडून, चोरासारखं, डोळ्यांनी मापत.
झाडाशी वीतभर जास्त धरलं,
थांबलो,
मग आणखी चार बोटं,
आणि करवत लावली.