मात्रा

शिहाबुद्दीनच्या काउंटरवर पाच दिवे मांडलेत :
दोनशे ल्युमेन, चारशे, आठशे, बाराशे,
आणि एक, ज्याच्या खोक्यावर आकडा नाही, नुसता वाघ.
"मिस्टरांसाठी?" हिंदीत विचारतो, हेल कण्णूरचा.
माझ्यासाठी.
रात्री साडेदहाला फार्मसीचं शटर पडतं,
तिथून घर साडेसहा किलोमीटर,
आणि सोहारमध्ये जूनच्या उन्हात सायकल काढते
ती एकतर नवखी, नाहीतर भ्रमिष्ट.

तो ट्यूबलाइट मालवतो,
एकेक दिवा भिंतीवर मारून दाखवतो.
भिंतीवर सगळेच सूर्य.
भिंतीला कुठे खड्डा असतो,
भिंत कुठे पळते समोरून?
म्हटलं, बाहेर चल.

दुकानामागे रिकामा प्लॉट, वाळू, पाण्याची टाकी,
टाकीखाली एक मांजर.
दोनशेचा उजेड चार पावलं चालला आणि धापा टाकत बसला.
चारशेत मांजर दिसलं.
आठशेत मांजराने उचललेला पुढचा पाय दिसला.
बाराशेत मांजरच उरलं नाही :
दोन डोळे, आणि मागे समुद्रावरून आलेली
दमट, पांढरी, पेटलेली हवा.

(मिरजेत बाबांच्या सायकलला डायनामो होता.
चढावर, नेमका उजेड हवा तिथे,
तो मंदावायचा. बाबा म्हणायचे,
पाय मार, दिसेल.)

माझा वेग सेकंदाला सहा मीटर.
घाबरायला एक सेकंद,
ब्रेक दाबायला अर्धा, थांबायला आणखी दोन.
एवढ्या अंतराचा उजेड हवा, बस.
जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण नव्हे,
हे मी दिवसभर खिडकीतून लोकांना सांगत असते.
आठशेचा घेतला.
तेरा रियाल म्हणाला, साडेअकराला दिला,
वर वाघाचं स्टिकर फुकट.

पहिल्या रात्री सगळं दिसलं.
रंग उडालेला स्पीडब्रेकर. शेळीची लीद.
मासळीबाजारामागे सांडलेल्या बर्फाचं पाणी.
आणि पंपाच्या वळणावर, उलट्या बाजूने,
दिवा नाही, घंटी नाही,
डोळ्यांवर कोपर धरून येणारा एक माणूस.
दोघंही कडेच्या वाळूत.

टेकबहादूर निघाला, आमच्या गोदामातला,
खोकी उतरवणारा.
तुला माझा जुना दिवा देते, म्हटलं, चांगला आहे अजून.
तो हसला. "दिदी, कॅम्पचं गेट दहाला बंद.
मागच्या तारेतून आत शिरतो.
दिवा लावून कोण शिरतं?"
खोलीत आठ जण. बायकोशी भांडायचं असलं
की समुद्रावर यावं लागतं म्हणाला.
आज भांडण लांबलं.

उरलेले तीन किलोमीटर मी दिव्याकडेच बघत गेले.
मला तरी कुठे सगळ्यांना दिसायचंय?
पाण्याच्या टँकरवाल्याला दिसावं.
पण टँकरमागून येते ती पांढरी गाडी,
हळू होते, काच खाली घेते,
काहीच बोलत नाही आणि सोबत चालत राहते,
तिला दिसू नये.
असा दिवा शिहाबुद्दीनकडे नाही.
विचारलंही नाही मी.

आता क्लॅम्प दोन बोटं खाली वळवलाय.
पुढचा रस्ता दिसतो, कुणाचं तोंड दिसत नाही.
अकराच्या सुमारास पंपाचं वळण आलं
की वेग कमी करते, दिव्यावर तळवा ठेवते.
बोटं आतून लाल होतात, हाडांसकट,
रस्ता जातो,
आणि त्या तेवढ्या अंधारातून
कुईं कुईं करत काहीतरी शेजारून निघून जातं.

चेनला तेल नाही त्याच्या.
कॅम्पच्या कुंपणापर्यंत ऐकू जात असेल.
उद्या गोदामात बाटली नेऊन ठेवते.