तीन की आठ

बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी
शिलाई मशीनच्या खणातून
बॉबिन, खडू, बटणांचा डबा, आणि त्यांच्या खाली
तेलकट मांजरपाटात गुंडाळलेलं ते निघालं:
पाखल्यांच्या लष्कराचं पिस्तूल.

मी बार्जवरचा मेकॅनिक.
खाणी थांबल्या तशी बार्ज मांडवीत नांगरलेली,
आणि मी घरात.
गंज दिसला की माझे हात माझं ऐकत नाहीत.

आजोबा डिचोलीच्या बाजारात शिंपी.
एकसष्टच्या डिसेंबरात, पहाटे,
पूल उडाल्याचा आवाज विरतो न विरतो
तोच मागच्या दारी एक शिपाई.
भाषा त्याची निम्मी कळली. भीती पूर्ण.
त्याला साधा शर्ट हवा होता.
त्यानं हे ठेवलं, शर्ट घातला,
केळींतून नदीकडे उतरला.
पावती नाही.

शर्टही आजोबांचा नव्हता.
कंपाउंडर सावळो धुरींनी शिवायला टाकलेला,
निळ्या रेघांचा, अर्धे पैसे आगाऊ.
धुरी मरेपर्यंत विचारत राहिले.
आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले:
काजं व्हायचीत अजून.

त्रेसष्ट साली मामलेदाराच्या कारकुनानं
चष्मा कपाळावर सरकवून नंबर वाचला,
वहीत लिहिला, शिक्का हाणला.
एवढ्यावर आम्ही मालक.
पुढे दर निवडणुकीला बाबा ते ठाण्यात जमा करायचे,
मतं मोजून झाली की परत आणायचे
कापडी पिशवीतून, वर तांबड्या भाजीची जुडी.
गोळी कुणी पाहिली नाही.

मुठीचा एक स्क्रू रात्रभर रॉकेलात ठेवला
तेव्हा सुटला.
लाकडाच्या आतल्या बाजूला, टाचणीनं कोरल्यासारखं,
अमेलिया.
मी ते पुसलं नाही. फडकं तिथून वळवून नेलं.

पोलादाचे भाग उकळत्या पाण्यात सोडले.
तांबडा गंज उकळला की काळा होतो,
मऊ, काजळीसारखा. तो हलक्या हातानं काढायचा.
पुन्हा उकळायचं, पुन्हा काढायचा.
बायकोनं पेजेचं पातेलं ओळखलं.
दारात उभी राहून म्हणाली,
आपल्या गोव्याच्या कायद्यानं अर्धं माझं ना?
मग माझं अर्धं तेवढं गंजू दे.

पाचव्या उकळीला नंबर वर आला.
शेवटचा आकडा तीन.
लायसनवर आठ.
मी दिव्याखाली धरला, भिंगाखाली धरला,
नखानं चाचपला. तीनच.
साठ वर्षं गंजानं त्याची उघडी बाजू
बुजवून ठेवली होती.

ठाण्यात हवालदार गावस.
त्यानं लायसन पाहिलं, पिस्तूल पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाकडे पाहावं तसं.
घासायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?
आठचं लायसन आहे, आठचं पिस्तूल नाही.
तीनचं पिस्तूल आहे, त्याला लायसन नाही.
आणि वारस तुम्ही आठचे.
लिस्बनहून बहिणीनं सही करून पाठवलेलं ना-हरकत पत्र,
तेही आठचंच.

फॉर्मात रकाना होता: हत्यार कसे प्राप्त झाले.
खरेदी, वारसा, बक्षीस.
पेन बराच वेळ हवेत राहिलं.
निळ्या रेघांच्या शर्टाला जागा नव्हती,
आणि धुरींच्या आगाऊ पैशांना तर नाहीच.

आता ते मालखान्यात आहे.
घोड्याच्या कडीला सुतळीनं पुठ्ठा बांधलाय,
त्यावर दोन्ही आकडे, मध्ये तिरकी रेघ.
जप्तीच्या काडतुशी बंदुका, कोयते, एक हारपून,
त्या सगळ्यांत तेच एक चकचकीत,
लग्नाला चुकून लवकर आलेल्या पाहुण्यासारखं.

निघताना मी भिंतीला हात लावून बघितला.
ओल होती, पार कोपरापर्यंत.
खिशातली तेलाची बाटली काढली,
म्हटलं, एक हात फिरवतो फक्त.

गावसनं कुलूप लावलं.
नको, म्हणाला.
दोन-तीन पावसाळे जाऊ देत.