फाटक

नकाशात हा रस्ता नाही.
झाडांवर रंगाचे पट्टे नाहीत, पाटी नाही,
आणि ऑरिनचं त्यावाचून अडत नाही.
तो पायांनी वाचतो:
लाकडं ओढणाऱ्या घोड्यांनी दाबलेली जमीन
अजून दबूनच आहे,
कडेला ढासळलेला दगडी बांध,
मधोमध बर्चची पोरं, मनगटाएवढी.

"इथे डावीकडे. पार्क व्हायच्या आधी
हॅस्कलांचं दूध इथून खाली यायचं."
डावीकडे नेचे.
नेच्यांत चौकोनी खड्डा, चुलीचे चार दगड,
आणि दारापाशी लावलेला लायलॅक
दाराशिवाय फुललेला.

दुपारी आम्ही चुकलो. तासभर तरी.
त्याने कबूल केलं नाही,
नुसती त्याची शीळ थांबली.

मग ते फाटक. लोखंडी, गंजून लाल.
दोन्ही बाजूंना कुंपण नाही,
रानच रान.
मी सरळ बाजूने निघाले.
ऑरिनने कडी काढली, खांद्याने रेटलं,
मला हाक मारून त्यातूनच आत घेतलं,
वळून कडी पुन्हा लावली,
दोनदा ओढून पाहिली.

"गाई," तो म्हणाला.

पुढच्या चढावर
मीही एकदा मागे बघितलं,
एखादी निसटली तर नाही ना.